नऊ दिवसांतून एकदा दूध देणाऱ्या गाई

"मॅडम, या बायकांच्या गाई नऊ दिवसांतून एकदाच दूध देतात," निसार म्हणाला आणि खुर्चीतल्या खुर्चीत हसायला लागला.

शुक्रवारची सकाळ होती, साडेदहा वाजले असतील. जानुबाई तालुका दूध संघाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिथं पूर्वी पशुखाद्याची पोती रचलेली असत, तिथं आमचं डेटा खातं होतं. खातं म्हणजे मी, निसार मुल्ला आणि एक एसी. एसी मोठ्या संगणकांसाठी बसवलाय असं सगळ्यांना वाटे. खरं तर मोठे संगणक तिथं नव्हतेच. संघाचा सगळा डेटा क्लाउडवर, म्हणजे कुठल्याशा लांबच्या यंत्रशाळेत भाड्यानं घेतलेल्या जागेत होता. एसी आम्हालाच लागे. हे मी तिथून निघेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

दोनशे बारा गावांत आमची संकलन केंद्रं होती. कुणी किती लिटर दूध घातलं, त्याला फॅट किती लागलं, हे पूर्वी आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवरून यायचं. पेनड्राइव्ह कधी खिशात धुतला जायचा, कधी वाटेत हरवायचा. मी पुण्यातली नोकरी सोडून आले आणि दीड वर्षात अशी व्यवस्था बांधली, की गावात सकाळी सात वाजता घातलेलं दूध सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या पडद्यावर दिसायचं. या गोष्टीला आज अकरा वर्षं झाली, तरी सांगताना माझी मान ताठ होते. होऊ दे.

माझा एक कायदा होता. केंद्रावरून आलेला मूळ आकडा कुणीही बदलायचा नाही. चुकीचा असला तरी नाही. दुरुस्ती करायची तर शेजारी करायची, आणि ती कुणी, कधी, का केली हे तिथंच नोंदलं जायचं. अध्यक्षांनासुद्धा त्याला हात लावायची मुभा नव्हती. लोक मला पाठीमागे खडूस म्हणत. काही समोरही म्हणत.

त्या वर्षी अध्यक्ष दिनकरअण्णा शेलारांनी मला एक काम दिलं होतं. संघात बोगस सभासद फार झाले होते. गोठा नाही, गाय नाही, पण निवडणुकीत मत आहे. अशांची नावं जिवंत ठेवायला केंद्राचे सचिव एखाद्या बड्या गोठ्याचं दूध आज याच्या, उद्या त्याच्या नावावर दाखवत. मी त्यावर एक साधी अट लिहिली : खऱ्या गायीचं दूध रोज येतं. ज्या खात्यात दूध अधूनमधूनच येतं, पण येतं तेव्हा भरपूर येतं, ते खातं बोगस. एका केंद्रावर अशी नऊ किंवा जास्त खाती सापडली, की केंद्र यादीत. अट चालली. पाच केंद्रं सापडली. सोमवारच्या वार्षिक सभेत ती पडद्यावर दाखवायची, केंद्रांना तिथल्या तिथं टाळं लावायचं आणि सचिवांना घरी पाठवायचं, असं ठरलं होतं.

"कुठलं केंद्र रे?" मीही हसतच विचारलं.

"एक नंबरचं. वडजाई महिला संस्था. नऊ बायका, नऊ खाती, नंबर लावल्यासारखं दूध. एक दिवस चुकत नाही. एवढी सफाईदार लबाडी मी बघितली नाही. सचिव कोण... वत्सला साळुंखे."

मी हसायची थांबले.

"काय झालं?"

"माझी आत्या आहे."

वच्छाआत्या नुसती आत्या नव्हती. मी सहा वर्षांची असताना आई गेली आणि वडलांनी मुंबईत दुसरं घर मांडलं. आत्या सासर सोडून माहेरी आलेली, मूलबाळ नाही. तिनं मला ठेवून घेतलं, शिकवलं, ओरडून ओरडून गणित करून घेतलं. पण कुणी विचारलं, की तिचं उत्तर ठरलेलं : "माझ्या भावाची पोर." माझी म्हणून तिनं मला एकदाही कुणाला दाखवलं नाही. लहानपणी मला त्याचं वाईट वाटे. मोठेपणीही वाटे, पण मोठेपणी आपण ते बोलत नाही.

निसारनं उठून दार लोटलं. "मॅडम, अट नऊ खात्यांची आहे. ती दहाची केली, की वडजाई आपोआप बाहेर. बाकीची चारही केंद्रं आतच राहतात, त्यांची खाती तीस-चाळीस आहेत. अट बदलायचा अधिकार तुम्हालाच आहे. मूळ आकड्याला हातसुद्धा लागत नाही."

"आणि का बदलली, तिथं काय लिहायचं?"

"लिहू की... सुधारणा."

"सुधारणा! जा, चहा पिऊन ये."

तो गेला. मी अट उघडली. नऊच्या आकड्यामागे रेघ लुकलुकत होती. खोटं कशाला सांगू, माझं बोट कळीवर गेलं होतं. एकोणीस वर्षं आत्या ते केंद्र चालवत होती. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं, ते केंद्र आणि मी. निसार चहा पिऊन परत आला तेव्हा मी तशीच बसलेली होते आणि नऊ तसाच होता.

शनिवारी सकाळी पहिल्या एसटीनं मी वडजाईला गेले. येते म्हणून कळवलं नव्हतं. तपासणीला जाताना कळवायचं नसतं, आणि त्या दिवशी मी भाची म्हणून जात नव्हते, निदान एसटीत बसेपर्यंत तरी माझी तशी समजूत होती.

केंद्र म्हणजे मारुतीच्या देवळामागची एक खोली. आत्या मशीनपाशी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बाहेर रांग. किटल्या रिकाम्या होत होत्या, मशीन फॅट सांगत होतं, आत्या नाव पुकारत होती. सगळं नियमाप्रमाणे. मी मनात म्हटलं, यंत्रानं काहीतरी घोळ घातलाय.

मग रांग संपली आणि खोलीच्या मागच्या दारानं म्हाताऱ्या यायला लागल्या. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात झाकणाचा डबा. एकीकडे तर चहाचं भांडंच होतं. कोपऱ्यात एक पितळी पातेलं ठेवलेलं. प्रत्येकीनं आपलं दूध त्यात ओतलं. अर्धा लिटर, पाऊण लिटर, त्याहून जास्त कुणाचंच नव्हतं. मी मोजलं. नऊ जणी.

"आज कुणाची पाळी?" आत्यानं विचारलं.

"पारूबाईची."

"पारूबाई, या फुडं." पातेल्यातलं सगळं दूध आत्यानं काट्यावर घेतलं, मशीनला लावलं आणि पारूबाईच्या नावावर पाच लिटर सहाशे मिली चढवलं.

तेवढ्यात तिनं मला पाहिलं. दचकली नाही.

"आलीस व्हय? चा घेतलास का?"

"ही कोन गं, वच्छाआक्का?" पारूबाईनं डोळे बारीक करून विचारलं.

"माझ्या भावाची पोर. संघात हाय, वरच्या मजल्यावर. लई हुशार. त्या ढगातलं सगळं तिच्याच हातात असतंय."

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मला जमिनीत गेल्यासारखं झालं.

सगळ्या गेल्यावर मी उंबऱ्यावर बसले. "आत्या, हे काय आहे?"

"वारंगुळा. तुला काय ठावं न्हाई व्हय? भांगलायला जायचो आपण. आज समद्या पारूच्या रानात, उद्या समद्या आपल्या रानात. तसंच हे. दुधाचा वारंगुळा."

वारंगुळा मला ठाऊक नसायला काय झालं, मी त्यातच वाढले. पण दुधाचाही वारंगुळा असतो, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अट लिहिताना तर नाहीच नाही.

"कशासाठी पण?"

"कशासाठी काय? तुमच्या संघाचा नियम हाय, लिटरभराच्या आत दूध घ्यायचं न्हाई. ह्यांच्या गाई आटत आलेल्या. दुसरी घ्यायची ताकद न्हाई, हाय ती इकवत न्हाई. आन महिनाभर दूध आलं न्हाई, की सभासद म्हनून नाव कमी. नाव कमी झालं, की संघाचा डाक्टर दारात येत न्हाई. गेल्या साली शेवंताची गाय अडली हुती, डाक्टर आला म्हनून वाचली. नाव नसतं तर मेली असती. आता बोल."

"पण नियम मोडलास तू."

"व्हय, मोडला," ती पातेलं विसळत म्हणाली. "दूध येगळं येगळं तपासायचं, हे काय मला कळत न्हाई? एकोनीस वर्सं करतीया. पर एक थेंब पान्याचा न्हाई त्यात. मशीनला इचार."

मग मी तिला यादीचं सांगितलं. सोमवारची सभा, पडदा, टाळं. ती पातेलं पुसत ऐकत राहिली.

"यादीत माझं नाव कितवं?"

"पहिलं."

"आगं बाई!" ती हसली. "कुठंच कधी पयली आली न्हवते मी."

"हसतेस काय? केंद्र बंद होईल. तुला काढतील." माझा आवाज चढला. "निसार म्हणतो, एक आकडा बदलला की तुझं नाव निघतं. कुणाला कळणार नाही."

तिनं पातेलं खाली ठेवलं. "दुधात पानी घातलं तर मशीन सांगतंय. नाव काढलं तर कोन सांगल?"

उत्तरही तिनंच दिलं.

"तूच की. रोज आरशात बघताना. मी बघितल्यात तसली मानसं, आरशाफुडं उभी ऱ्हात न्हाईत. नाव ऱ्हाऊ दे. तू फकस्त आकडे सांग. माझं मी बोलीन. माझी वकिली करायला उभी ऱ्हायलीस तर बघ!"

सोमवारी सभागृह भरलं होतं. पुढं संचालक, मागं दोनशे बारा केंद्रांचे सचिव, त्यांत बारा-पंधराच बायका. आत्या चौथ्या रांगेत, नवी कोरी हिरवी साडी नेसून. जणू तिचा सत्कार होता.

मी बोलायला उभी राहिले आणि यादी उघडायच्या आतच संचालक बबनराव काळे उठले. यादीतल्या दोन केंद्रांचे सचिव त्यांचीच माणसं होती, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

"अध्यक्षमहाराज, माझी एक शंका हाय. यादी बाईच करणार, बाईच दाखवणार. मधल्यामधी कुनाचं नाव काढलं, कुनाचं घातलं, ते आमाला काय कळणार? आपली मानसं वाचवायची आन दुसऱ्याची बुडवायची, असला धंदा असला तर ही यादी आमाला मान्य न्हाई. फाडून टाका!"

मागून टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की तेही डगमगलेत.

मी यादीऐवजी दुसरं पान पडद्यावर आणलं. यादी कुणी उघडली, कधी उघडली, काय बदललं, याची नोंद. ती आमची व्यवस्था आपोआप ठेवायची. पुसायचा अधिकार मी मुद्दाम कुणालाच दिला नव्हता, मलाही नाही.

"ही नोंद वाचा. शुक्रवारी दहा वाजून वीस मिनिटांनी यादी तयार झाली. दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी अट उघडली. त्यापुढे लिहिलंय, बदल नाही. आजपर्यंत बदल नाही."

"मंग उघडली कशाला?" काळे म्हणाले. माणूस हुशार होता.

"कारण यादीत पहिलं नाव वडजाईचं आहे," मी म्हटलं. "सचिव वत्सला साळुंखे. त्या माझ्या आत्या आहेत. मला त्यांनी वाढवलंय. नाव काढायचा मोह झाला, म्हणून उघडली. काढलं नाही, म्हणून बंद केली."

काळे उभेच राहिले, मग हळूच बसले. मी यादी उघडली. पाच नावं, पहिलं आत्याचं, लाल रंगात, आणि त्या रकान्याला मीच दिलेलं शीर्षक : बोगस.

"मला बोलायचंय," चौथ्या रांगेतून आवाज आला.

आत्या उठून माइकपाशी गेली. माइक तिच्या डोक्याच्या वर होता. तिनं तो खाली केला नाही, तिला त्याची गरजही नव्हती.

"यादी बरोबर हाय. नऊ जनींचं दूध मी एका भांड्यात घेतलं. रोज एकीच्या नावावर चढवलं. नियम मोडला, जी शिक्षा असंल ती द्या. पर तिथं वर बोगस लिवलंय, ते मला मान्य न्हाई. बोगस म्हंजी गाय न्हाई. नऊ बाया हायेत, नऊ गाई हायेत. गाई काय म्या आनल्या न्हाईत, जिना चढत न्हाईत त्या. बाया आनल्यात."

दाराशी गडबड झाली. पहारेकऱ्याला बाजूला सारून म्हाताऱ्या आत आल्या. एकीमागे एक, नऊ. पुढं पारूबाई, तिच्या डोक्यावर पितळी पातेलं.

"मोजून घ्या," आत्या म्हणाली.

आणि लोकांनी खरंच मोजलं. पहिल्या रांगेतला एक संचालक बोट दाखवत मोजत होता, ते मला अजून दिसतं. आत्यानं चार वाक्यांत वारंगुळा सांगितला. रडली नाही, हात जोडले नाहीत. शेवटी म्हणाली, "आमच्या गाई आटल्यात, आमी न्हाई आटलो," आणि जागेवर जाऊन बसली.

तिनं वकिली करू नको म्हटलं होतं. मी तिची केली नाही, माझी चूक तेवढी सांगितली. "अट मी लिहिली. अटीनं जे दाखवलं ते खरं होतं. त्याला बोगस हे नाव मी इथं बसून दिलं, गावात जाऊन न बघता. आजपासून या यादीचं नाव तपासायची केंद्रं. माणूस जाऊन बघून आल्याशिवाय कुठल्याच केंद्राला टाळं लागू नये, अशी माझी विनंती आहे. काळेसाहेबांच्या केंद्रांनाही."

हशा झाला. काळेही हसले, पण उशिरा.

पुढच्या आठवड्यात चार केंद्रांवर माणसं गेली. तिथं ना गाई निघाल्या, ना गोठे. टाळं लागलं आणि या वेळी फाडून टाका म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. ज्या बाईनं सख्ख्या आत्याला सोडलं नाही तिच्या यादीवर शंका कोण घेणार, असं तालुक्यात बोललं जायला लागलं.

आत्याला नियम मोडल्याबद्दल सहा महिने सचिवपदावरून दूर केलं. तो कागद घेऊन मीच गेले. तिनं चष्मा लावून दोनदा वाचला आणि सही केली. ते सहा महिने ती रोज केंद्रावर जाऊन बाहेरच्या कट्ट्यावर बसली आणि नव्या सचिव पोरीला काटा पुसायला लावत राहिली. पोरगी तिसऱ्या महिन्यात मला फोन करून म्हणाली, "मॅडम, यांना आतच घ्या हो परत."

संघानं नियम बदलायला पाच महिने लावले. मी आणि निसारनं मात्र त्याचं काम दोन दिवसांत केलं. नव्या प्रकारचं खातं काढलं, एका भांड्यात अनेक नावं, प्रत्येकीचं दूध वेगळं मोजलेलं, तपासणी एकदाच. खात्याला नाव दिलं, वारंगुळा. ते सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात सत्तावीस गावांतून अशी खाती उघडली गेली. सत्तावीस गावांत बायका हे करत होत्या आणि लपवत होत्या. कुठंही आठ जणींच्या वर नव्हत्या, म्हणून आमच्या अटीला सापडल्या नव्हत्या.

आता मी तीन जिल्ह्यांच्या डेटाचं बघते. हाताखाली चौदा माणसं आहेत. त्यांतली निम्मी मराठी न येणारी, आणि तीही बिनचूक वारंगुळा म्हणतात.

सहा महिने संपल्यावर आत्या परत सचिव झाली, त्या दिवशी मी वडजाईला गेले. केंद्राच्या भिंतीवर, संघानं दिलेल्या घड्याळाच्या शेजारी, एक नवी तसबीर होती. मला वाटलं देवाची असेल. जवळ गेले तर आत सभेतली यादी. निसारकडून छापून घेतलेली, पाच नावांची, पहिलं तिचं, लाल रंगात.

"आत्या, हे काय लावलंयस? लोक काय म्हणतील?"

तिच्याआधी एक नवा टँकरवाला बोलला. तो सही घ्यायला आला होता आणि यादीकडेच बघत होता. "मावशी, ह्यात तर तुमचंच नाव लाल हाय. कुनी घातलं हो?"

आत्यानं चष्मा वर सरकवला. माझ्याकडे बोट केलं.

"हिनं. माझी पोर हाय ती."